गोधडीतला भात

दमयंतीने माझ्या नवऱ्याला काहीतरी चारलंय, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. तिच्याकडे जेवले की हे ठणठणीत. माझ्या हातचं जेवले की थोड्या वेळात मोरीत ओकाऱ्या. माझं अन्न यांच्या पोटात ठरूच नये, अशीच काहीतरी करणी असणार.

लालबागला आमच्या चाळीच्या मागेच तिची खानावळ. लग्नानंतर मी गावाला भातशेती आणि सासूबाई सांभाळत होते, तेव्हा हे गिरणीतून सुटून तिच्याच पंगतीला बसायचे. सासूबाई गेल्या, मी मुंबईला आले, आणि वर्षाच्या आत संप झाला. शेजारणी नवऱ्यांना घेऊन गावी परतल्या. मी नाही गेले. यांचा पाय सभा-मोर्चातून निघेना, आणि एकटी गेले तर खोली आणि नवरा दोन्ही पुन्हा तिच्या हवाली.

संपात यांच्या येण्याला वेळ राहिली नाही. कधी दुपारी, कधी दिवेलागणीला. थंड भात यांना गिळवत नाही. म्हणून मी सकाळीच गावाहून आणलेल्या तांदळाचा टोपभर भात करायची, माझे दोन घास गरमागरम खाऊन घ्यायची आणि टोप गोधडीत गुंडाळून ठेवायची. संध्याकाळीसुद्धा तो हाताला कोमट लागायचा. एवढं करून हे ओकायचे. मग "भूक नाही" म्हणायला लागले. भूक कुठे भागते ते मला कळत होतं. तिच्या कालवणातल्या तिरफळाचा वास यांच्या बोटांना यायचा आणि माझ्या अंगाची लाही लाही व्हायची.

एके दिवशी मी हट्टालाच पेटले. टोपाला दुसरी गोधडी गुंडाळली आणि संध्याकाळी हे आल्यावर भांडून, शपथ घालून घरीच जेवायला बसवलं. त्या दिवशी ओकून ओकून यांची शुद्ध हरपली. शेजारच्या रमाकांतने टॅक्सी आणली. आम्ही इस्पितळात पोचतो तोच दमयंती ओल्या हातांनी धावत आली. मी डॉक्टरीणबाईंना तिच्यादेखत सांगितलं, हिनेच काहीतरी घातलंय.

बाईंनी आधी यांना सलाईन लावलं. मग काय खाल्लं, कधी शिजवलं, कुठे ठेवलं, सगळं विचारून घेतलं.

"हे जंतू मातीतले," त्या म्हणाल्या. "भाताच्या खाचरात असतात. खायला मिळेनासं झालं की अंगाभोवती टणक कवच करून वर्षानुवर्षं निपचित पडून राहतात. दाण्याला चिकटून ते तुमच्या टोपात येतात. शिजवून मरत नाहीत, उलट आधणाच्या आचेने त्यांची झोप चाळवते. मग ओल, खाणं आणि ऊब मिळाली की पाणी शोषून फुगतात, कवच फोडून बाहेर येतात आणि वाढायला लागतात. एकाचे दोन, दोनाचे चार. त्यांचं विष भात पुन्हा तापवूनही जात नाही."

भिजवलेले वाल आपण फडक्यात बांधून उबेला ठेवतो, तसं झालं हे. माझ्याच गावचा तांदूळ, माझ्याच शेतातली माती, आणि मी रोज तिला मोड आणत होते.

मग बाईंनी दमयंतीला विचारलं, तुमच्याकडे जेवून यांना कसा त्रास होत नाही?

दमयंतीने पदराला हात पुसले. "मी भात करून नाय ठेवत बाई. महादेव आला की मग आधण ठेवते."

जे नाव मी आजवर तोंडाने घेतलं नाही, ते हिच्या तोंडी किती सवयीचं. बाई म्हणाल्या, बरोबर करता, यांच्या बायकोलाही शिकवा.

मी खाटेच्या कडेला बसले. करणी असती तर भोईवाड्यातल्या देवऋषाकडून उतरवून घेतली असती. आता काय उतरवणार? माझ्याकडे भात तयार असायचा. हे यायचे, जेवायचे, हात धुवायचे, निघून जायचे. तिच्याकडे तांदूळ धुवून, आधणाला उकळी येऊन, भात होईपर्यंत हे तिच्या स्टोव्हपाशी बसून असायचे. यांच्याशी सलग तेवढा वेळ माझं बोलणं कधी झालंच नव्हतं.