असलं तर बरं

"काका, ह्याच्यापुढे काय लिहू? 'हवंच' की 'असलं तर बरं'?"

नवीन मुलीने खुर्ची न हलवता मान तेवढी वळवली. गाठोडे उठून तिच्या पडद्याकडे वाकले.

गाठोडे हे त्यांचं आडनाव नव्हे. पण हजेरीपटावरचं खरं नाव आता कुणालाच आठवत नसे. त्यांचं कामच गाठोडी बांधण्याचं. जगभरातली माणसं संगणकासाठी प्रोग्रॅम लिहितात आणि कुणालाही फुकट वापरायला देतात. ते जसेच्या तसे उचलून घरच्या संगणकात टाकता येत नाहीत. प्रत्येकाचं नीट गाठोडं बांधावं लागतं आणि त्यावर एक चिठ्ठी लावावी लागते: ह्याच्याबरोबर आणखी कायकाय लागेल. चिठ्ठीत दोन रकाने. पहिला 'हवंच'. त्यात लिहिलेलं संगणक न विचारता बरोबर आणतो. दुसरा 'असलं तर बरं'. त्यातलं ज्याला पाहिजे त्याने मागून घ्यायचं. सतरा वर्षं गाठोडे ह्या चिठ्ठ्या लिहीत होते.

"हे काय आहे? बोलका दुवा ना?" त्यांनी चष्मा वर केला. "पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्याला हा पडद्याची खबर देतो. आजवर 'हवंच'मध्ये होता. आता दुसऱ्या रकान्यात टाक."

"का?"

"शाळांची पत्रं आलीत. त्यांची यंत्रं जुनी, जागा कमी. त्यात हा एकटा नाही येत, आपल्या सात भावंडांना घेऊन येतो. पाहुणा एक आणि पिशव्या आठ."

मुलगी हसली, पण तिचं बोट कळीवर गेलं नाही. "आणि ज्यांना दिसत नाही, त्यांचं?"

"मागून घेतील की. एका ओळीचं काम आहे."

"पण कुठली ओळ लिहायची, ते त्यांना वाचून कोण दाखवणार?"

"अगं, माझी सख्खी बहीण वापरते हे. मला नको शिकवूस." त्यांचा सूर जरा चढला. मग स्वतःलाच बरं वाटावं म्हणून ते आपल्या जागेवर गेले, नवं गाठोडं स्वतःच्या यंत्रात टाकलं आणि वाचणारा सुरू केला. तो खणखणीत बोलला. "ऐकलंस? चालतंय."

प्रत्येक बदलाखाली कारण एका ओळीत लिहायचं, असा तिथला रिवाज होता. गाठोड्यांनी लिहिलं: 'अनावश्यक भार कमी केला.'

तीन आठवडे होत आले तेव्हा साहेब त्यांच्या टेबलापाशी थांबले. "एकसुद्धा तक्रार नाही, गाठोडे. ह्याला म्हणतात स्वच्छ काम." गाठोडे मान खाली घालून हसले. पाढा न चुकता म्हटला की ताई पाठीवर थाप मारायची, तेव्हाही ते असेच हसायचे.

ताई त्यांच्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई कामावर जायची, म्हणून त्यांचे पाढे, शुद्धलेखन आणि बुटांच्या नाड्या हे सगळं ताईच्याच हातचं. पुढे ती चौथीच्या वर्गावर शिक्षिका झाली. एकवीस वर्षं शिकवलं. मग डोळ्यांच्या शिरा सुकत गेल्या. आधी फळ्याचा कोपरा दिसेना, मग फळा, मग मुलं. शाळा सुटली तेव्हा ती कुणापुढे रडली नाही. फक्त भावाला म्हणाली, "आता दिवस फार मोठा झाला रे."

त्यांनी रजा काढून तिच्या खोलीत संगणक बसवून दिला. कुठल्या कळीवर बोट आहे ते कळावं म्हणून दोन कळांवर गोंदाचा थेंब ठेवला. आतला आवाज पहिल्यांदा बोलला तेव्हा ताई म्हणाली, "हा तर पोपट आहे! लग्न असो की मयत, सूर एकच." तेव्हापासून त्याचं नाव पोपट. तिला कसलीच कटकट नको म्हणून गाठोड्यांनी आणखी एक सोय करून ठेवली. नवं आलं की संगणकाने आपोआप घ्यायचं, आणि कुणालाच लागत नाही असं काही उरलं तर आपोआप काढून टाकायचं.

पोपटाच्या जोरावर ताईला शाळा परत मिळाली, निदान शाळेचा एक तुकडा. वर्गात एक पुठ्ठ्याची प्रश्नपेटी ठेवली होती. मुलं चिठ्ठ्या टाकत, सोमवारी ते प्रश्न शाळेतून ई-टपालाने ताईच्या संगणकात येत. ताई गुरुवारपर्यंत एकेका मुलाला उत्तर लिही आणि शुक्रवारी शेवटच्या तासाला ती उत्तरं वर्गात मोठ्याने वाचली जात. सात वर्षांत एकही शुक्रवार रिकामा गेला नव्हता.

गाठोडे दर रविवारी फोन करत. अलीकडे ते बोलणं आखूड झालं होतं.

"पोपट काय म्हणतो?"

"मजेत आहे."

"आणि तू?"

"मीही. ठेवू? दूध आहे गॅसवर."

बदल केल्यापासूनच्या तिसऱ्या रविवारी फोनवर ताई नव्हती, शेजारची शिंपीणबाई होती. जिन्यात उभी राहून ती दबक्या आवाजात बोलत होती. "भाऊ, बाई खाली गेल्यात म्हणून मी उचलला. एकदा येऊन जा. ते यंत्र बाईंनी झाकून ठेवलंय. आधी दिवसभर टकटक ऐकू यायची, आता भिंतीपलीकडे कुणी राहतंय की नाही तेच कळत नाही. मी सांगितलं असं म्हणू नका हं."

सोमवारी सकाळच्या पहिल्या बसने ते निघाले.

खोली नेहमीसारखीच होती. साखरेच्या डब्याला रबर लावलेलं, मिठाच्या डब्याला नाही. खुर्ची टेबलापासून बरोबर एक हात लांब. फक्त टेबलावरच्या संगणकावर जुन्या पडद्याचं कापड होतं, आणि त्याच्या चारही कडा नीट दुमडलेल्या होत्या.

"शिंपीणबाईने चहाडी केली वाटतं," ताई म्हणाली. पावलांवरूनच तिने ओळखलं होतं.

"ताई, हे कधीपासून?"

"वीस दिवस झाले. एका सकाळी लावलं तर गप्प. पंखा फिरतो, ऊब येते, पण बोलत नाही. म्हटलं, माझंच बोट कुठेतरी चुकीचं पडलं असेल."

"मग सांगायचं नाही का मला?"

ताईने टेबलाची कड चाचपली. "गेल्या वेळी काहीतरी अडलं होतं, आठवतं? तू म्हणालास, ताई, दर आठवड्याला काय गं नवं तुझं. बरोबरच होतं तुझं. कामाच्या माणसाला किती वेळा हाक मारायची?"

गाठोड्यांना ते वाक्य आठवत नव्हतं. पण सूर त्यांचाच होता, तो त्यांनी ओळखला.

त्यांनी कापड काढलं, संगणक लावला. पडदा उजळला. चित्रं, अक्षरं, सगळं जागच्या जागी. डोळस माणसाला त्यात काही बिघाड आहे असं वाटलंच नसतं. त्यांनी संगणकाची रोजनिशी उघडली आणि वीस दिवस मागे गेले. तिथे एक ओळ होती. ती त्यांनी दोनदा वाचली.

"सापडलं वाटतं," ताई म्हणाली. "तुझा श्वास थांबला. काय लिहिलंय? वाच की, आता तूच माझा पोपट."

"लिहिलंय..." त्यांनी ओळीवर बोट ठेवलं. "आपोआप सफाई. कुणालाही गरज नसलेली आठ गाठोडी काढून टाकली."

"आणि त्यात तो होता?"

"त्याचा दुवा होता."

"कुणाला गरज नाही हे कुणी ठरवलं?"

खाली रस्त्यावर कुणीतरी शटर वर ढकललं. तो आवाज थांबला तसे गाठोडे म्हणाले, "मी, ताई."

ती रागावली नाही. पाय जवळ घेऊन खुर्चीत सरळ बसली. मुलगा खोटं बोलतोय की खरं, हे ऐकताना ती वर्गात अशीच बसायची. "नीट सांग. चौथीतल्या मुलाला सांगावं तसं."

त्यांनी सांगितलं. दोन रकाने, शाळांची पत्रं, जुनी यंत्रं. एका रकान्यातून नाव खोडून दुसऱ्यात लिहिलं की 'मला हा हवाच' असं म्हणणारं घरात कुणी उरत नाही. मग सफाई येते, सगळ्यांना विचारते, हा कुणाचा? कुणीच बोलत नाही.

"आणि सफाईसुद्धा तूच लावून दिली होतीस. मला त्रास नको म्हणून."

"हो."

"पाठवण्याआधी तपासलं नाहीस?"

"तपासलं ना. माझ्या यंत्रावर व्यवस्थित बोलला. माझ्याकडे तो दुवा आधीपासूनच होता, ताई. मी फार वर्षांपूर्वी हाताने घातलेला. म्हणून सफाईने त्याला हात लावला नाही. माझ्या ते लक्षातच आलं नाही."

"म्हणजे उत्तरं समोर ठेवून पेपर सोडवलास."

त्यांनी मान हलवली. मग तिला दिसत नाही हे आठवून "हो" म्हणाले.

"माझ्यासारखे आणखी किती असतील?"

"माहीत नाही. एकही तक्रार आली नाही." मग बोलता बोलता त्यांच्याच लक्षात आलं. "यायची कशी? ज्यांचं बंद पडलं, त्यांना तक्रार लिहायलाही तोच लागतो."

साहेबांचं 'स्वच्छ काम' त्यांना आठवलं. पण ते ताईला सांगायचा धीर झाला नाही.

मागणीची ओळ त्यांनी लिहिली. नवीन मुलीला सांगितलं होतं तशी ती खरोखरच एक ओळ होती. दुवा आपल्या सात भावंडांसह आला, तोवर ताईने चहा ठेवला. कपात बोटाचं पेर बुडेपर्यंत ओतला आणि बशी त्यांच्याकडे सरकवली. तेवढ्यात टेबलावरून आवाज आला. सपाट, एकसुरी, जसा होता तसाच.

"नवीन पत्रे, एकोणीस."

ताईचा हात बशीवरच राहिला. मग ती घाईने खुर्चीपाशी आली. बोटांनी गोंदाचे थेंब शोधले. "सगळ्यात जुनं आधी," ती पुटपुटली.

पोपट वाचू लागला. चंद्र सकाळी का दिसतो. शून्याला शून्याने भागलं तर काय येतं. आमचं कुत्रं झोपेत पळतं, ते स्वप्न असतं का. पुढच्या सोमवारची पत्रं थोडी कमी होती. त्यातलं एक: बाई, मागच्या वेळचं उत्तर आलं नाही, चिठ्ठी हरवली का. आणि अठरावं, सर्वांत छोटं: बाई, तुम्ही रागावलात का.

एकोणिसावं पत्र मुलाचं नव्हतं.

"आदरणीय बाई. गेले काही शुक्रवार उत्तरे आली नाहीत. वयोमानाने थकवा येणारच, हे आम्ही समजू शकतो. फोन करून आपणास संकोचात टाकावे असे वाटले नाही. शुक्रवारचा शेवटचा तास आता वाचनासाठी दिला आहे. प्रश्नपेटी कपाटात जपून ठेवली आहे. आपण विश्रांती घ्यावी. मुलांतर्फे आभार."

मध्येच गाठोड्यांचा हात कळांकडे गेला होता. ताईने तो मनगटापाशी धरला. "राहू दे. पूर्ण वाचू दे."

वाचून संपलं. तिने मनगट सोडलं नाही.

"मी आत्ता शाळेत फोन करतो," ते म्हणाले. "चूक माझी होती, सांगतो. पेटी परत ठेवायला सांगतो."

"चूक सांग. ती सांगायलाच हवी. पेटी मागू नकोस."

"अगं, पण का?"

"सगळ्यांनी माझ्या भल्यासाठीच केलंय रे. तू, शाळेने, त्या यंत्राने. आता कुणी माझी कीव येऊन तास दिला, तर मुलांना ते लगेच कळतं. मुलं त्या बाबतीत फार हुशार." तिने त्यांचं मनगट हलकेच सोडलं. "उद्या जाऊन तो रकाना बदलशील?"

"पहिलं काम तेच."

"आणि कारण लिहायचा रिवाज आहे ना तुमच्यात? काय लिहिशील?"

पाढा अडला की करायचे, तसे ते बोटांशी चाळा करू लागले. तिनेही पूर्वीसारखीच वाट पाहिली, स्वतः सांगून टाकलं नाही.

"बसमध्ये विचार कर," ती शेवटी म्हणाली.

दुपारी त्यांनी शाळेला फोन केला. पलीकडून "अरेरे" आणि "बरं झालं कळवलंत" असं ऐकू आलं. पेटीबद्दल पलीकडून कुणी काही बोललं नाही, आणि त्यांनीही विचारलं नाही. ताई तोवर टेबलाशी बसली होती.

"काय करतेस?"

"उत्तरं लिहिते."

"ताई, पण आता ती वाचणार कोण..."

"मुलांची अठरा पत्रं आलीत. उत्तर न देता वर्ग कसा सोडायचा?"

"मग त्या शेवटच्याला आधी लिही. तू रागावलीस का म्हणून विचारलंय त्याने."

"नाही. आले त्या क्रमाने. रांग मोडायची नाही, त्याचाही नंबर येईल." तिची बोटं वीस दिवसांत जरा अडखळायला लागली होती. पोपट लिहिलेलं प्रत्येक अक्षर सांगे, चुकलं की ती ते खोडून पुन्हा लिही.

बसची वेळ झाली तेव्हा ती चौथ्या मुलाच्या उत्तरावर होती. त्यांनी कप विसळून ठेवले, खुर्ची एक हात मागे आहे ना पाहिलं, पडद्याच्या कापडाची घडी करून कपाटात खाली ठेवली. "निघतो गं." तिने मान हलवली, पण बोटं थांबवली नाहीत.

जिन्यात शिंपीणबाईचं दार उघडं होतं. मशीन थांबवून ती भिंतीला कान देऊन बसली होती. त्यांना पाहून नुसती हसली.

ते अर्धा जिना उतरले आणि थांबले. वरून बंद दारातून तो सपाट आवाज एकेक अक्षर सांगत होता. बा. ळा. मग बराच वेळ काहीच नाही. पुन्हा एक अक्षर, पुन्हा एक. एका हाताने कठडा धरून, वाक्य पूर्ण होईपर्यंत ते तिथेच उभे राहिले. मग बस गाठायला खाली उतरले.