भिंतीकडे तोंड

पोट आत घेऊन, आडवे सरकत धोंडिराम परब भिंत आणि मासळीची पाटी यांच्यामधल्या फटीत शिरले, कारण कोळीण भिंतीकडे तोंड करून बसली होती. ट्रॉम्बेच्या कोळीवाड्याबाहेर ओळीने पाच जणी बसल्या होत्या. चौघींची तोंडं रस्त्याकडे आणि पुढ्यात गिऱ्हाइकं. ही एकटीच रस्त्याला पाठ करून बसलेली, आणि हिची पाटी तशीच भरलेली.

परबांना मासळी नको होती. अंधेरीहून ट्रॉम्बेला येणारी एक जुनी रेल्वे होती. जेमतेम सहा वर्षं चालली आणि बंद पडली, त्यालाही आता नव्वद वर्षं झाली. तिच्या स्टेशनांच्या जागा हुडकायचं खूळ या निवृत्त ड्राफ्ट्समनच्या डोक्यात नोकरीपासूनच होतं. मुलुंडहून बस बदलत त्यांनी एकेक जागा पालथी घातली. कुठे टॉवर, कुठे गॅरेज, एका ठिकाणी सार्वजनिक संडास. साधी वीटसुद्धा हाती लागली नाही. हे शेवटचं स्टेशन, आणि इथेही फलाटाच्या जागी ही भलीमोठी भिंत.

“तुम्ही अशा उलट्या का बसता हो?” त्यांनी सहज विचारलं.

“सासूची जागा हाय,” कोळीण म्हणाली. सगुणा तिचं नाव. “ती अशीच बसायची, तिची सासूपन अशीच. मरताना बोलली, जागा सोडू नको नि तोंड फिरवू नको. मी काय विचारत बसले नाय.”

परबांनी भिंतीकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि त्यांना एकदम भरून आलं. गाडी तिकडे थांबायची. उतारू तिकडून यायचे. रूळ गेले, फलाट गेला, भिंत उभी राहिली, तरी या घरातल्या बायका उतारूंकडे तोंड करून बसतच राहिल्या होत्या. अख्ख्या रेल्वेचं एवढंच काय ते शिल्लक होतं.

खरं तर तेव्हाच खिशातला मोबाइल काढून फोटो घ्यायचा. पण बायको, शुभा, गेल्यापासून दोन वर्षं या माणसाचं बोलणं कोणी नीट ऐकलं नव्हतं. शुभा मेथी निवडता निवडता का होईना, ऐकायची. बोरिवलीचा सुयोग, त्यांचा मुलगा, फोनवर म्हणायचा, नेटवर असेल ना बाबा सगळं. सगुणाने मात्र हातातली कोळंबी खाली ठेवली आणि “मंग?” असं विचारलं.

झालं. परब तासभर बोलत राहिले. ओल्या वर्तमानपत्रावर त्यांनी तिला फलाट काढून दाखवला, गाडी कुठून यायची, तिच्या सासूची सासू कुठे बसत असेल, सगळं समजावलं. तीन वेळा ती “मंग?” म्हणाली. बसमध्ये बसल्यावर फोटो राहिल्याचं त्यांच्या लक्षात आलं, पण ते आनंदात होते. रविवारी येऊ, जागा कुठे पळून जाते, असं त्यांनी मनाशी म्हटलं.

रविवारी सगुणा रस्त्याकडे तोंड करून बसली होती. पुढ्यात सहा-सात गिऱ्हाइकं.

“या काका,” तिने लांबूनच हाक मारली. “तुमी सांगितलं नि माझा जीव सुटला. गाडीच नाय, तर बसायचं कोनासाठी? आता अकराच्या आत पाटी खाली होते.”

एका फोटोपुरतं पुन्हा तशी बसाल का, हे परबांच्या अगदी ओठावर आलं. ती बसलीही असती हसत हसत. पण ते सोंग झालं असतं. राग काढायचा तर स्वतःच्याच जिभेवर, आणि तिची भरभराट बघून तोही नीट येईना. बरं झालं, असं काहीतरी ते पुटपुटले.

मग ते वळसा घालून मागे गेले. उतारू यायचे त्या भिंतीकडच्या बाजूला आता पाटी नव्हती आणि उभं राहायला जागाही ऐसपैस होती. भिंतीला पाठ टेकून ते तिच्या पाठीमागे उभे राहिले.

“एक वाटा बोंबील द्या,” ते म्हणाले.

सगुणाने मान वळवून पाहिलं.

“काका, तिकडं कुठं गेलात? समोरून या ना.”

“राहू दे,” परब म्हणाले. “मी इथूनच घेतो.”