पांढऱ्या गाठीची शाल

मी एक शाल बोलतेय. आता मला बघून कुणी शाल म्हणणार नाही, पण माझा जन्म शालीचा आहे आणि तो मान मी सोडणार नाही. जुळे सोलापुरातल्या एका फ्लॅटमध्ये, लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात माझा मुक्काम असतो. सोलापुरात शालीचं काय काम, असं तुम्ही म्हणाल. बरोबरच आहे. इथं दहा महिने माणसं पंख्याखाली बसून घाम पुसत असतात. उरलेल्या दोन महिन्यांत जेवढं जगता येईल तेवढं मी जगणार होते. त्यातही अर्ध्यावरच सगळं आटोपलं.

माझी लोकर सांगोल्याकडची. कोंडीबाआण्णांची तिथं चाळीस मेंढरं होती. डोळ्यांत काचबिंदू उतरला, समोरचा कळप दिसेना, तेव्हा त्यांनी मेंढरं पाहुण्यांना देऊन टाकली. देण्याआधी शेवटची लोकर कातरली, पोत्यात भरली आणि लेकीकडे, सृष्टीकडे राहायला आले. जावई इंद्रजीत जिन्यातच म्हणाला, "मामा, गावाकडनं माणसं शेंगा आणतात की! तुम्ही लोकर आणली?"

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की गेलेली नजर परत येत नाही आणि उरलेलीही फार दिवस टिकणार नाही. त्या दिवशी आण्णा घरी येऊन गॅलरीत बसले आणि टकळी फिरवायला लागले. मेंढरांमागं चालता चालता उभा जन्म त्यांनी ती फिरवली होती. सूत निघालं, पण त्याचं घोंगडं विणणारं इथं कोण होतं? शेजारच्या श्रीदेवीताई विणकराच्या घरातल्या, स्वेटर विणण्यात पटाईत. त्यांनी दोन जाड सुया आणून आण्णांच्या हातात दिल्या.

"काका, दोन टाके सुलटे, दोन उलटे. लई सोप्पं आहे की."

इंद्रजीत हसला. म्हणाला, "मामा, हे बायकांचं काम."

"मेंढरामागं टकळी फिरवत व्हतो, तवा मी काय बाई व्हतो का?" आण्णांनी विचारलं आणि पहिला टाका घातला.

श्रावणात मला सुयांवर घेतलं ते दिवाळीनंतर उतरवलं. आण्णा टाके बोटांनी चाचपून मोजायचे, वाड्यातली मेंढरं मोजावीत तसे. एक जरी कमी भरला तरी अख्खी ओळ उसवायचे. मी मनातल्या मनात चिडायचे. म्हणायचे, अहो, राहू द्या एखादी चूक, कोण बघतंय! पण ते ऐकतील तर ना. शेवटी काळी लोकर वीतभर कमी पडली. पोत्याच्या तळाशी एका पांढऱ्या कोकराची मूठभर लोकर होती, ती त्यांनी जोडली आणि कोपऱ्यात एक गाठ मारली.

"ही खूण," ते सृष्टीला म्हणाले. "डोळं पुरतं गेलं तरी हातानं वळखंन मी."

आणि पुरते गेलेच. मी तयार झाले तेव्हा आण्णांना उजेड-अंधारापलीकडे काही कळत नव्हतं. मग सकाळी एक खेळच सुरू झाला. ऑफिसला निघताना सृष्टी मला घेऊन त्यांच्यासमोर उभी राहायची.

"आज कशावर घिटलीस?"

"पिवळ्या कुर्त्यावर, आण्णा. खाली जीन्स आहे."

"जीन्स म्हंजी ती पोरांची विजार? असूं दे. काळ्यावर पिवळं लई खुलतं."

मग आण्णांनी कोपरा हातात घेऊन गाठ चाचपायची आणि म्हणायचं, "जा." गाठ चाचपल्याशिवाय स्कूटी सुरू व्हायची नाही. मी टोचते, खोटं कशाला बोलू. म्हणून मान झाकायला सृष्टीनं कॉलरवाले कुर्ते वापरायला काढले. कधी मला गळ्याभोवती गुंडाळायची, कधी पंजाबी ड्रेसवर दोन्ही खांद्यांवरून सोडायची. संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेत तर इरकल साडीवर घडी करून एका खांद्याला पिन लावली होती. बायका वळून बघत होत्या. मी तेवढी फुशारले, तेवढी पुन्हा कधी नाही.

जत्रेनंतरच्या आठवड्यात अवकाळी शिंतोडे आले. ओल्या लोकरीला मेंढराचा वास सुटतो, त्याला मी काय करणार? ऑफिसात शेजारच्या टेबलावरची बाई नाकाला रुमाल लावून म्हणाली, "काय गं, घरात मेंढरं पाळलीत का?" सगळे हसले. सृष्टीही हसली, पण तिनं मला अंगावरून ओढून पिशवीत कोंबलं. ती धनगराची लेक. आपल्या वासाची तिला लाज वाटली, याचं मला फार वाईट वाटलं.

आण्णांनी बजावून ठेवलं होतं, "थंड पान्यात, रिठ्यानं धू. गरम पान्यानं लोकर आखडती." तिला ते पाठ होतं. पण थंड पाण्यानं वास जाईना. रविवारी तिनं मशीनमध्ये गरम पाणी घेतलं, मूठभर पावडर टाकली आणि स्वतःलाच सांगितल्यासारखं म्हणाली, "एकदाच."

मशीनमधून बाहेर आले ती मी तान्ह्या बाळाच्या दुपट्याएवढी. घोंगड्यासारखी घट्ट, सगळे टाके एकमेकांत मुरलेले. सृष्टी मला दोन्ही हातांनी ओढत राहिली. मग तिथंच मोरीपाशी बसून रडली.

"सांगून टाक त्यांना," इंद्रजीत हळूच म्हणाला.

"कसं सांगू? डोळे जाताना विणली हो त्यांनी. आता ना लोकर आहे, ना नजर. सगळ्या आयुष्याचं एवढंच उरलं होतं, ते मी धुऊन टाकलं."

इंद्रजीत कबड्डीचा पंच. प्रत्येक स्पर्धेत त्याला शाल आणि नारळ मिळायचा. नारळ चटणीत जायचे, शाली कपाटात साठायच्या. त्यांतली एक मऊ, गुळगुळीत शाल सृष्टीनं ओढून काढली, तिचे गोंडे कापले, एका कोपऱ्यात गाठ मारली आणि माझ्या जागी अंगावर घेतली. मला कपाटात तळाशी घातलं.

कपाटाचं दार किलकिलं होतं. मला सगळं दिसत होतं.

"आज कशावर घिटलीस?"

"निळ्या कुर्त्यावर," सृष्टी म्हणाली.

आण्णांनी कोपरा हातात घेतला. गाठीवर अंगठा फिरवला. एकदा, दोनदा. चाळीस मेंढरं अंधारात पाठीवर नुसता हात ठेवून ओळखणारा माणूस तो.

"हीच ना गं?"

"हीच की, आण्णा."

"व्हय. हीच. जा."

दुपारी घरात कुणी नव्हतं. आण्णा भिंत धरत धरत कपाटापाशी आले. एकेक घडी उचलून चाचपली, जशीच्या तशी ठेवली. खाली वाकले आणि त्यांचा हात माझ्यावर पडला. माझी पांढरी गाठ आता ज्वारीच्या दाण्याएवढी, टणक झाली होती. ती त्यांना लगेच सापडली. त्यांनी मला नाकाशी नेलं.

"आखडलीस व्हय गं," ते म्हणाले. "गरम पानी घातलं जनू पोरीनं."

मला वाटलं, रागावतील. त्यांनी मला गालाला लावलं आणि बराच वेळ तसेच बसून राहिले. त्यांचे डोळे गेले होते, पण पाणी येत होतं. मग माझी घडी घालून होती तिथंच ठेवली. "तिला कळू देऊ नगं. लई जपती मला," असं माझ्याशी बोलले आणि दार पहिल्यासारखंच किलकिलं ठेवलं.

त्यानंतर रोज सकाळी ते त्या परक्या शालीची गाठ चाचपत आणि "लई ऊब हाय न्हवं हिला?" असं विचारत. ती "लई" म्हणे. होळीपर्यंत हे चाललं. दोघंही एकमेकांना जपत होते आणि दोघंही आतून झुरत होते. मधे मी एकटी, मला दोघांचंही माहीत.

चैत्रात आण्णा गेले. साध्या तापाचं निमित्त झालं. सृष्टीनं मला घट्ट धरून बाहेर आणलं होतं, पण मी त्यांच्या छातीलाही पुरले नसते. पाहुण्यांसमोर तिचा धीर झाला नाही. तिनं ती गुळगुळीत शालच त्यांच्यावर पांघरली.

आता दर रविवारी ती मला मांडीवर घेते. ज्या गाठीवर त्यांचा अंगठा फिरायचा तिथं स्वतःचा फिरवते आणि म्हणते, "आण्णा, मी तुम्हाला फसवलं. तुम्ही फसूनच गेलात." मला ते ऐकवत नाही.

सृष्टीपर्यंत पोचेल अशी मला वाचा नाही. तुम्हाला आहे. कधी जुळे सोलापूरला आलात, दुसऱ्या मजल्यावर गॅलरीत टकळी टांगलेली दिसली, तर तेवढा जिना चढा. सृष्टीला एवढंच सांगा की त्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं, आणि त्याच दुपारी त्यांनी मला गालाला लावलं होतं.