गल्ली पडीक असल्याबाबत

सरकारकडून पैसा हवा असेल तर आधी मरावं लागतं, हे मला नगरसेविका झाल्यावर कळलं. योजनेचं नावच 'पुनरुज्जीवन निधी'. पुन्हा जिवंत करायचं म्हणजे आधी कोणीतरी मेलेलं पाहिजे. आमच्या गावात मेलेलं असं काही सापडेना, म्हणून नगरपालिकेने मागली गल्ली निवडली.

मागली गल्ली म्हणजे बाजाराच्या पाठीमागची. तिथे एक कुलूपवाला आहे, एक गाद्या भरणारा आहे, सायकली दुरुस्त करणारे दोघे सख्खे भाऊ आहेत. ते एकमेकांशी बोलत नाहीत, पण पाना एकच वापरतात. आणि गल्लीच्या टोकाला माझ्या अक्काची लाँड्री. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. मोठ्या दवाखान्याच्या चादरी, अभ्रे, ऑपरेशनचे हिरवे कपडे असं सगळं तिच्याकडे धुवायला येतं. भाऊजी बॉयलर सांभाळतात, अक्का बाकी सगळं सांभाळते, भाऊजींसकट. दवाखान्याचं काम आहे म्हणून लाँड्री आहे, आणि लाँड्री आहे म्हणून ते घर उभं आहे.

गल्लीचे हाल आहेत हे मी नाकारत नाही. गटार तुंबलेलं, रस्ता उखडलेला, दिव्यांचे नुसते खांब. मी शाळेचे गणवेश शिवणारी बाई, निवडून आले तीच मुळी या गटारावर भांडून. पैसा हवाच होता. घरात मला फौजदार म्हणतात, पण आलेल्या पैशाला लाथ मारण्याइतकी काही मी फौजदार नाही.

आता आमच्या सभागृहाची एक रीत सांगते. ती कुठल्या नियमात लिहिलेली नाही, पण सगळ्या नियमांपेक्षा पक्की आहे. चहा आला की चालू विषय मंजूर. पूर्वी कधी कोणाला घाई झाली असेल, त्यातून हे सुरू झालं म्हणतात. कप तोंडाला लागला की माणूस बोलत नाही आणि जो बोलत नाही त्याची संमती, असा हा कारभार. अध्यक्षांच्या टेबलाखाली घंटीचं बटण आहे. ते नेमकं कधी दाबायचं, एवढ्या एका अकलेवर त्यांनी आजवर खुर्ची टिकवली आहे.

त्या दिवशी सल्लागार आला होता. तरुण, गुळगुळीत, बोलताना दर वाक्याला हसणारा. त्याने पडद्यावर मागल्या गल्लीचे फोटो दाखवले. सगळी शटर खाली, रस्त्यावर चिटपाखरू नाही, मधोमध एक कुत्रं पाय पसरून झोपलेलं. बघून सभागृहात दोन-चार जणांनी चुकचुकसुद्धा केलं. रोज त्याच गल्लीतून सायकलीत हवा भरून घेणारे हे लोक.

मी उठून विचारलं, "हे फोटो कधीचे?"

"सोमवारचे, मॅडम."

"सोमवारी गल्लीची सुट्टी असते."

"हो ना," तो हसून म्हणाला, "म्हणूनच."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चोर निदान लाजतो तरी. हा मला कौतुकाने सांगत होता.

मग त्याने अट सांगितली. निधीसाठी अर्ज करायचा तर नगरपालिकेने ठराव करायला हवा की सदर भाग पडीक आहे. मुख्याधिकाऱ्यांनी मसुदा वाचायला घेतला, तेव्हा सवयीने दोघे-तिघे म्हणाले, "वाचला असं समजा." मी म्हटलं, समजणार नाही, वाचा. त्यांनी वाचला. त्यात टोकाच्या इमारतीबद्दल लिहिलं होतं, 'जीर्ण, वापर नगण्य'. सभागृहाची खिडकी त्याच बाजूला उघडते. बाहेर अक्काच्या बॉयलरची वाफ छपरावर चढत होती आणि आत तिचा वापर नगण्य ठरत होता.

"पडीक जमीन असते," मी म्हटलं. "जिथे माणसं राबतात त्या जागेला पडीक कसं म्हणता? उद्या माझ्या शिलाई मशीनला भंगार म्हणाल."

"मॅडम, तुम्ही मनाला लावून घेताय," अध्यक्ष म्हणाले. त्यांचा आवाज नेहमी आजाऱ्याच्या उशाशी बसल्यासारखा असतो. "नुसता शब्द आहे हो. कागदावरच तर पडीक व्हायचंय. पैसा आला की गल्ली पुन्हा जिवंत."

औषधाच्या दुकानाचे मालक आमच्यात सदस्य आहेत. ते म्हणाले, "शब्दाने काय कोणाच्या अंगाला भोकं पडतात?"

"मग दुसरा शब्द घाला. 'दुर्लक्षित' लिहा. तो खरा तरी आहे."

सल्लागाराचं हसू पहिल्यांदाच जरा ओघळलं. अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला.

"दुर्लक्षित लिहिलं," ते हळूच म्हणाले, "तर वरून विचारतील, दुर्लक्ष कोणी केलं?"

यावर सभागृह खो खो हसलं. मुख्याधिकारीही हसले. मी एकटी उभी होते आणि मला समजत होतं की हेच या शब्दाचं सगळं कौतुक आहे. पडीक म्हटलं की कोणाचं नाव येत नाही. ती आपली आपणच पडली. गटार आपणच तुंबलं, दिवे आपणच गेले, आणि इतकी वर्षं या खुर्च्यांवर बसलेले सगळे मोकळे. हेच मी बोलायला सुरुवात केली, आणि दार उघडून चहा आला.

मी कपाला हात लावला नाही. इतिवृत्तात आलं, 'चर्चेअंती सर्वानुमते मंजूर'. मी दुसऱ्या दिवशी जाऊन विचारलं, सर्वानुमते कसं, मी तर विरोध केला होता. कारकून बिचारा म्हणाला, "मॅडम, चहा आला होता ना."

पेपरात बातमी छापून आली. 'मागली गल्ली पडीक घोषित, निधीचा मार्ग मोकळा'. शेजारी अध्यक्षांचा हसरा फोटो. आपल्या घराला आग लावून कोणी असा फोटो काढून घेत नसेल.

पाहणीला वरून पथक येणार होतं त्या दिवशी गल्लीने शटर खाली ठेवावीत, असा निरोप फिरला. अध्यक्ष स्वतः दारोदार गेले. कुलूपवाल्याने लगेच मान डोलावली, गाद्यावाल्यानेही. दोघा भावांनी एकमेकांना न विचारता एकाच वेळी हो म्हटलं. अक्काकडे ते आले तेव्हा मी तिथेच होते, ओल्या चादरी पिळायला हात लावत होते.

"अक्का, एक दिवस तेवढी वाफ बंद ठेवा," अध्यक्ष म्हणाले.

"दवाखान्याला काय सांगू? आजच्या दिवस पेशंटना उघड्या गाद्यांवर झोपवा?"

"अहो, गल्लीच्या भल्यासाठी."

"गल्लीचं भलं गटारात अडकलंय, भाऊ. एक माणूस आणि एक पहार पाठवा, निघेल."

भाऊजी मध्ये पडले. ते स्वभावाने गरीब, सरकारी माणूस दिसला की आपोआप उभे राहतात. "एक दिवसाचाच तर प्रश्न आहे," ते म्हणाले. "रस्ता होईल, दिवे येतील. गाडी दारापर्यंत लागेल आपल्या."

"तुम्ही बॉयलर बघा," अक्का म्हणाली. भाऊजी बॉयलर बघायला गेले.

पाहणीच्या दिवशी गल्ली खरंच मेल्यासारखी होती. सुट्टी नसलेल्या दिवशी मी ती तशी पहिल्यांदाच बघत होते. शटरांच्या आत मात्र सगळी माणसं बसलेली, फटीतून बाहेर बघत. एका शटरामागून शिंक आली, तेव्हा पथकातल्या बाईंनी मान वळवली आणि अध्यक्ष मोठ्याने खोकले. टोकाला मात्र अक्काची लाँड्री धडाडत होती. मला मनातून बरं वाटलं. आता काय सांगतो हा बाबा, बघू, असं म्हणून मी दारात उभी राहिले.

अध्यक्ष जराही अडखळले नाहीत. अक्का चादरींचा गठ्ठा खांद्यावर घेऊन पुढ्यातून जात असताना ते म्हणाले, "हे शेवटचं युनिट. हेही आता बंद व्हायच्या बेतात आहे."

पथकाने वहीत लिहून घेतलं. अक्काने गठ्ठा खाली ठेवला आणि म्हणाली, "बेत कोणाचा?" सगळे गटार बघायला पुढे गेले.

निधी मिळाला नाही. आमच्याहून जास्त मेलेलं गाव निघालं म्हणे. गुणांकनात आपण थोडक्यात हुकलो, असं अध्यक्षांनी सभेत सांगितलं आणि सल्लागाराच्या मेहनतीबद्दल त्याचे आभार मानले. रस्ता तसाच, दिवे तसेच, गटार तर जास्तच. गल्लीने हात झटकले आणि शटर वर केली. इथवर मी सोडून दिलं असतं. निवडून आलेल्या माणसाला एवढं गिळावं लागतं.

पण मग दवाखान्यातून अक्काला बोलावणं आलं. तिच्याबरोबर मी गेले. भांडारप्रमुख म्हणून एक बाई होत्या, वयस्कर, बोलायला मऊ. त्यांनी आम्हाला बसवलं, पाणी दिलं आणि पेपराचं ते कात्रण टेबलावर ठेवलं.

"तुमच्या कामाबद्दल तक्रार नाही," त्या म्हणाल्या. "इतक्या वर्षांत एक चादर डागाळलेली आली नाही. पण तपासणीवाल्यांनी हे धरलंय. पडीक जाहीर झालेल्या इमारतीत धुतलेला कपडा ऑपरेशनला कसा वापरता, असं विचारतात. मी काय उत्तर देऊ?"

"पडीक नाहीये हो ती," अक्का म्हणाली. "तुम्ही चला, बघा."

"मी बघून काय होतंय? तुमच्या नगरपालिकेनं म्हटलंय. त्यांनीच एका ओळीत लिहून द्यावं, पडीक नाही म्हणून. तोवर मी थांबते. पण फार नाही थांबता येणार."

एक ओळ. मी तिथून तडक अध्यक्षांकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, हळहळले, आणि म्हणाले की अवघड आहे. पुढच्या वर्षी योजनेची दुसरी फेरी निघणार आहे. आपणच एकदा पडीक नाही म्हटलं की आपण त्यातून बाद. आणि पहिला ठराव खोटा होता का, हा प्रश्न वेगळाच.

"होताच खोटा."

"मॅडम, सर्वानुमते होता," ते म्हणाले.

मी सभेत प्रस्ताव मांडला. एकच वाक्य: मागली गल्ली चालू आहे. अनुमोदन कोण देतंय म्हणून मी एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. ज्यांच्या लेकीच्या लग्नातल्या सतरंज्या अक्काने धुऊन दिल्या ते पंख्याकडे बघत होते. औषधवाले टेबलावरचा टाचण्यांचा डबा उघडझाप करत होते. सगळ्यांना ठाऊक होतं की गल्ली चालू आहे. त्यातल्या एकाची सायकल त्या वेळी तिथेच दुरुस्तीला पडलेली होती. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलणार कोणाला. प्रस्ताव अनुमोदनाअभावी पडला.

दवाखान्याचं काम दुसऱ्या गावच्या लाँड्रीला गेलं. अक्काने महिनाभर हॉटेलांचे टेबलक्लॉथ वगैरे करून बघितलं, पण तेवढ्यावर बॉयलरचं इंधनही सुटेना. कामाला येणाऱ्या दोघी बायकांना तिने आधी दुसरीकडे लावून दिलं, मग बॉयलर विझवला. भाऊजी तरी रोज सकाळी उठून तिथे जाऊन बसत. कशाला जाता म्हटलं तर म्हणत, "पाइप तपासायला." अक्काने एकदाच मला विचारलं, "मी काय चुकले गं?" मला त्याचा इतका राग आला की मी तिच्यावरच ओरडले. चुकली ती, असं तिला वाटावं, यासाठीही कोणीतरी फासावर जायला हवं.

मशीन विकून जागा रिकामी करत होतो त्या दिवशी अध्यक्ष आले. कोणी बोलावलं नव्हतं. भेटायला म्हणून आले, चप्पल दाराबाहेर काढून आले. भाऊजी सवयीने उभे राहिले. अध्यक्ष रिकाम्या जागेत इकडेतिकडे फिरले, थंड बॉयलरवर हात ठेवला. डोळ्यांत पाणीसुद्धा आलं त्यांच्या, मी पाहिलं.

"अक्का, धीर सोडू नका," ते म्हणाले. "दुसरी फेरी जाहीर झालीय. आपण पुन्हा अर्ज करतोय. आणि या वेळी तर आपली बाजू भक्कम आहे."

"भक्कम कशी?" अक्काने विचारलं.

"मागच्या वेळी एकाच मुद्द्यावर अडलं होतं हो. एक युनिट चालू दिसलं." ते बॉयलर थोपटत होते. "आता तो अडथळा राहिला नाही. गुण वाढतील आपले."

हे ते टोमणा म्हणून म्हणाले असते तर मी ऐकून घेतलं असतं. ते मनापासून धीर देत होते. अक्काने त्यांच्याकडे बघितलं, मग जमिनीवरची सुतळी उचलून गुंडाळायला लागली, जणू ते केव्हाच निघून गेले होते.

मी दार उघडलं. "चला," मी म्हटलं. "निघा इथून."

"मॅडम, मी तुमच्या भल्याचंच—"

"तुमची चप्पल बाहेर आहे."

ते गेले. भाऊजी अजून उभेच होते. मी त्यांना म्हटलं, बसा आता, आणि ते बसले.