कॅप्स लॉकचा दिवा

गिऱ्हाइकांची नावे संगणकात मोठ्या इंग्रजी अक्षरांतच लिहावीत, हा आमच्या औषधांच्या दुकानातला माझा दंडक. माणसाचे नाव लहान अक्षरांत लिहिणे म्हणजे त्याला दाराबाहेर ताटकळत ठेवणे. माझ्या संगणकावरचा कॅप्स लॉकचा दिवा अकरा वर्षे विझलेला नाही. ते चुकून दाबले जाऊ नये म्हणून त्या बटणावर मी स्वतः चिकटपट्टी लावली होती.

धाकट्या सुनेने सी या संगणकाच्या भाषेत प्रोग्रॅम लिहिला. नाव टाकले की त्या माणसाला कोणते औषध बाधते, ते पडद्यावर तांबड्या अक्षरांत उमटावे. मी तिला एक महिना दिला. एक चूक झाली, की काउंटर थोरलीकडे.

एकोणतिसाव्या दिवशी घड्याळे दुरुस्त करणारे घड्याळजी डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन आले. सूनबाईने आपल्या संगणकावर त्यांचे नाव लहान अक्षरांत टाकले. तांबडे काही उमटले नाही. तिने पेनिसिलिनची पाकिटे पुढे केली. मी ती काढून घेतली.

"ह्यांना हे बाधते. मागे चेहऱ्याचा भोपळा झाला होता."

"थोडा सुजला होता," घड्याळजी म्हणाले.

"तुम्हाला काय दिसणार? डोळे मिटले होते."

सूनबाईने पडदा निरखला. "आई, तुमची नोंद मोठ्या अक्षरांत, मी टाकले लहान. यंत्राच्या लेखी ही दोन वेगळी माणसे. प्रोग्रॅमची तपासणी मी फक्त माझ्या, लहान अक्षरांतल्या नोंदींवर केली होती."

"म्हणजे आता माझी अक्षरे लहान करणार?"

"तुमच्या नोंदीला हात लावणार नाही. दोन्ही नावांतले एकेक अक्षर घ्यायचे, तुलनेपुरते लहान करायचे आणि जुळते का पाहायचे."

"तुलनेपुरते."

"तेवढेच."

तिने सात ओळी लिहिल्या. मग एकच नाव मी माझ्या पद्धतीने टाकले, तिने तिच्या. पडद्यावर शून्य आले.

"नापास?"

"शून्य म्हणजे फरक नाही, आई."

घड्याळजींचे नाव पुन्हा टाकले. पेनिसिलिन तांबड्यात उमटले. सूनबाईने पांढरा कोट काढला, घडी घातली आणि काउंटरवर ठेवला. "एक चूक झाली. ताईंना बोलावते."

मी दिलेला शब्द फिरवत नाही. पण पाकिटे माझ्या हातात होती.

"चूक काउंटर ओलांडून गेलेली नाही," मी म्हणाले. "कोट घाल. डॉक्टरांना फोन लावून दुसरे औषध विचार. घड्याळजी खोळंबलेत."

संध्याकाळी मी चिकटपट्टी काढली. दिवा मात्र चालूच ठेवला.