मुरमाचा खड्डा

जोहराबीची नऊ वर्षांची गुलनार मुरमाच्या खड्ड्यात बुडून गेली, त्याला सोळा दिवस झाले होते.

मारेगावकडे जाणाऱ्या नव्या सडकेसाठी ठेकेदारानं गावाबाहेरच्या टेकाडावरून मुरूम काढला, सडक झाली तसा तो आपली माणसं घेऊन निघून गेला. खड्डा उघडाच राहिला. सन बासष्टच्या पावसाळ्यात तो भरला. गुलनार शेळीला पाणी पाजायला गेली. काठाशी पाणी घोट्याएवढं होतं. ती दोन पावलं पुढं गेली आणि दिसेनाशी झाली.

जोहराबी तहसिलीत गेली. साहेबांनी अर्जावर सरपंचाची सही मागितली. सरपंच पुंडलिकराव ओसरीवर बसले होते. त्यांनी अर्ज वाचून खाली ठेवला.

"खड्डा बुजवा म्हणतेस, पण ढोरायनं पाणी कुठं प्यावं? उन्हाळ्यापर्यंत पुरते ते पाणी. पोरीचं वाईट झालं जोहराबी, पण नशिबात होतं."

"नशिबानं नाई खंदला तो खड्डा, काकाजी. ठेकेदारानं खंदला. अन् तुमी पाह्यत होते."

पुंडलिकरावांनी सही केली नाही. अर्ज तिथंच टाकून ती निघाली.

तिचा नवरा मोहिउद्दीन ऑइल इंजिनं दुरुस्त करायचा. गुलनार गेल्यापासून त्यानं हत्याराला हात लावला नव्हता. जोहराबी त्याच्यासमोर उभी राहिली.

"मले तो खड्डा रिकामा पायजे."

"इंजिन कुठून आणू? कोणी देणार नाई."

"पिंपातलं रॉकेल तुमी नळीनं काढता. तेव्हा इंजिन लागते का?"

 मोहिउद्दीन उठला, टेकाडावर गेला. खड्ड्याच्या काठापासून उतार सरळ नाल्यात जात होता, आणि नाला खड्ड्याच्या तळापेक्षाही खोल होता. तो परतला तो थेट आपल्या दुरुस्तीच्या शेडमध्ये, आणि जुने लोखंडी पाइप बाहेर ओढू लागला.

दोन दिवस दोघांनी पाइप जोडले. एक तोंड खड्ड्याच्या तळाशी सोडलं, दुसरं नाल्यात. काठावर, जिथं पाइप सगळ्यात उंच होता, तिथं पाणी ओतायला एक तोंड ठेवलं. सोडण्याआधीच खालच्या दोन्ही टोकांना लाकडी बुचं मारली होती. खड्ड्यातल्या बुचाला दोरी बांधून तिचं टोक काठावर आणलं होतं. मग जोहराबीनं हंड्या-हंड्यानं पाइप भरला. वरचं तोंड घट्ट बंद झाल्यावर तिनं दोरीला हिसका दिला, मोहिउद्दीननं नाल्यातलं बूच उपटलं. पाणी धो धो आलं. क्षणभरच. पाइप घरघरला आणि बंद पडला.

तोवर काठावर गाव जमलं होतं. कोणीतरी हसलं.

"कोण हसलं?" जोहराबी वळली. "पुढं या. माह्या पोरीले काढाले चार मानसं नाई भेटली, हसाले बरे भेटले!"



"सांध्यातून हवा घेऊन राह्यला," मोहिउद्दीन हलक्या आवाजात म्हणाला. त्यानं सायकलच्या जुन्या ट्यूबा कापल्या, प्रत्येक सांध्यावर आवळून गुंडाळल्या, वरून गरम डांबर फासलं. जोहराबीच्या बोटांना चटके बसले, तरी तिनं पट्ट्या सोडल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी पाइप पुन्हा भरला. या वेळी धार थांबली नाही.

पुंडलिकराव धावत आले. "बंद कर मोहिउद्दीन! गावाचं पाणी हाये ते!"

मोहिउद्दीनचे हात थांबले. जोहराबी जाऊन पाइपावर बसली.

"गावाचं पाणी हाये, तर गुलनार कोनाची होती?"

पुंडलिकराव आल्या वाटेनं निघून गेले.

तीन दिवस तिनं तिथून हलायला नकार दिला. मोहिउद्दीन भाकर आणून द्यायचा. चौथ्या दिवशी तळ उघडा पडला, आणि गावानं पहिल्यांदा तो खड्डा नीट पाहिला. काठाशी हातभर रुंद पायरी होती. तिच्यापुढं मुरूम भिंतीसारखा सरळ कापलेला, दोन पुरुष खोल. पाण्याखाली ते कोणाला दिसणं शक्य नव्हतं. तळाच्या चिखलात गुलनारची एक चप्पल होती. मोहिउद्दीननं ती उचलून छातीशी धरली.

दुपारी पुंडलिकराव आले. त्यांच्या खांद्यावर टिकास होती, मागं त्यांचे दोन गडी.

"हे कापून उतार करू," ते म्हणाले. "जनावरं उतरतील, लेकरंही बुडणार नाईत."

"मी सही मागाले आली, तेव्हा आले असते तर?" जोहराबी म्हणाली. "आता काहून आले?"

 जोहराबीनं त्यांच्या हातातली टिकास ओढून घेतली आणि त्या पायरीवर पहिला घाव घातला. मग दुसरा. तिचा श्वास लागला तरी ती थांबेना. शेवटी पुंडलिकरावांनी गड्यांना खूण केली, आणि गडीही तिच्या शेजारी खणू लागले. तिनं त्यांच्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही.