पिकअपची किल्ली

शिकारीचा हंगाम उघडायला पंधरा दिवस उरले आणि व्हर्लिन सुडबेकचे पाय काही जमिनीवर ठरेनात. अडुसष्ट वर्षांचा बाप्या, पण सकाळपासून तीनदा टोपी शोधून झाली होती आणि ती तिन्ही वेळा डोक्यावरच होती. कारणही तसंच होतं. थोरल्या भावाची जुळी नातवंडं, ब्रिटा आणि कोल, बारा वर्षांची झाली होती. सुडबेकांच्या घरात पहिली बंदूक आईबापांनी द्यायची नाही, काकानं द्यायची. पोरांच्या बापाला भाऊच नाही, म्हणून तो मान आला आजोबांच्या भावाकडे, म्हणजे व्हर्लिनकडे. दोघांत मिळून एक बंदूक, असं ठरलं होतं.

थोरला डेलमर ते ऐकून खो खो हसला. "बंदूक निवडणार कोण, तर व्हर्लिन! अरे, धान्याचं कोठार समोर उभं केलं तरी तुझा बार बाजूनं जाईल!"

हे तो पन्नास वर्षं म्हणत आला होता, आणि खोटं तरी कसं म्हणावं? व्हर्लिनच्या हातून उडता पक्षी कधी पडलाच नाही. तरुणपणी त्यानं चार हंगाम नुसती काडतुसं जाळली. मग एके दिवशी डेलमरनं त्याची बंदूक काढून घेतली आणि हातात पिकअपची किल्ली ठेवली. तेव्हापासून दर ऑक्टोबरात बाकीचे मक्याच्या ओळींतून फेझंट पक्षी उठवत चालायचे आणि व्हर्लिन गाडी घेऊन शेताच्या पलीकडच्या टोकाला थांबायचा. कॉफी, कुत्र्याचं पाणी आणि कुखन केकचा डबा सांभाळणं हे त्याचं काम. त्यानं कधी कुरकुर केली नाही. पण मादीवर गोळी घालायची नसते, म्हणून नर उठला की सगळे 'कोंबडा!' अशी आरोळी ठोकतात, आणि ती ऐकली की त्याचे हात स्टिअरिंगवर आपोआप आवळायचे. शिकारीचा परवाना मात्र तो दरवर्षी काढायचा आणि गुपचूप पाकिटात ठेवायचा.

गेल्या महिन्यात पोरांना उसनी बंदूक देऊन हवेत फेकलेल्या मातीच्या चकत्या फोडायला नेलं होतं. कोलनं पंचवीसातल्या चौदा फोडल्या. ब्रिटानं एकही नाही. परत येताना ती हळूच म्हणाली, "व्हर्लिन आजोबा, मी आपली तुमच्याबरोबर गाडीत बसेन."

गाडीतल्या त्या सीटवर एक माणूस पुरे झाला! या पोरीला तिथे बसू द्यायचं नाही म्हणजे नाही, असं व्हर्लिननं तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

बंदुकांच्या दुकानात शिरल्या शिरल्या कोलनं सगळ्यात मोठी बारा बोअर उचलायला घेतली.

"ठेव ती खाली," काउंटरमागची जोलीन म्हणाली. "दहा बार काढलेस की खांदा निळा पडेल, मग बंदूक कपाटात आणि तू टीव्हीसमोर. वीस बोअर घ्या. नळी बारीक, धक्का कमी, फेझंटला पुरते, चकत्यांनाही चालते."

"आणि नेम?" व्हर्लिननं विचारलं. "ही पोरगी नीट नेम धरते हो. तरी एक लागत नाही."

जोलीननं ब्रिटाकडे पाहिलं. "हात पुढे कर. दोन्ही तळव्यांमध्ये छोटं भोक ठेव. दोन्ही डोळे उघडे ठेवून त्यातून भिंतीवरचं हरणाचं डोकं बघ. आता हरीण न सोडता हात चेहऱ्याकडे आण."

ब्रिटाचे हात सरळ डाव्या डोळ्यावर आले.

"अगं बाई! बंदूक उजव्या खांद्याला आणि नेम धरतोय डावा डोळा. मग बार शेजारच्या तालुक्यात जाणार नाही तर काय! आजपासून डाव्या खांद्याला लाव."

"आणि मी?" कोल ओरडला. त्याचा उजवा निघाला.

एक उजवा, एक डावी, बंदूक एक! व्हर्लिननं कपाळावर हात मारला. जोलीन मात्र हसतच मागच्या रांगेतून एक पंपाची वीस बोअर घेऊन आली. रिकामं काडतूस खालून पडायचं, सेफ्टीचा खटका वर अंगठ्याशी, म्हणजे उजव्याला सोयीची तशीच डाव्याला. दस्ता पोरांच्या मापाचा, आणि ती वाढली की लांबवता येणारा.

"हीच!" व्हर्लिन एवढ्यानं ओरडला, की दारापाशी काडतुसं बघणारा माणूस दचकला.

जोलीन कागदपत्रं करत होती तेवढ्यात तो मोज्यांच्या मांडणीआड सरकला. हात पुढे केले, भोकातून हरीण पाहिलं आणि हात मागे आणले. डावा डोळा. पुन्हा केलं. डावाच! अरे देवा, पन्नास वर्षं! त्याला हसू फुटलं, रडूही आलं, आणि मोज्यांमागून ब्रिटा त्याच्याकडे बघत होती.

"तुमचा पण?"

"चूप. आज तुमचा दिवस आहे."

मग रोज संध्याकाळी शाळेतून आली की पोरं कुरणात चकत्या फोडायची. हंगाम उघडला त्या दिवशी व्हर्लिननं नेहमीसारखी गाडी पलीकडच्या टोकाला लावली. मक्यातून शिकाऱ्यांची ओळ सरकत आली. शेवटच्या वीस पावलांवर फडफडाट झाला, "कोंबडा!" कुणीतरी गरजलं, आणि ब्रिटानं बंदूक डाव्या खांद्याला लावली. एक बार. पक्षी गवतात पडला. व्हर्लिननं एवढा हॉर्न वाजवला, की कुत्रा गोंधळून उलट्या दिशेनं पळाला.

पोरीनं बंदूक रिकामी केली, पंप मागे ओढून उघडी ठेवली आणि थेट पिकअपपाशी आली. "उतरा. आता तुमची पाळी."

"त्याची?" मागून आलेला डेलमर हसला. "अगं, कोठार..."

"व्हर्लिन आजोबा, यांना ते हातांचं करून दाखवा."

व्हर्लिन नको नको म्हणत होता, पण ऐकते कोण! शेवटी त्यानं खाली उतरून दोन्ही हात पुढे केले आणि मधल्या भोकातून भावाच्या नाकाकडे पाहत मागे आणले. समोरून डेलमरला त्या भोकात भावाचा एकच डोळा दिसला. डावा.

"ब्रिटाचं पण असंच होतं," कोल म्हणाला. "उजव्या खांद्यानं एक लागत नव्हता."

डेलमरचं हसू मावळलं. व्हर्लिनला बंदूक धरायला त्यानंच शिकवलं होतं. पोरगा सारखा डाव्या खांद्याकडे न्यायचा, आणि प्रत्येक वेळी डेलमर त्याच्या हातावर चापट मारून ती उजवीकडे आणायचा.

आता त्यानं आपल्या नारिंगी जाकिटाची चेन उघडली, जाकीट काढून भावाच्या खांद्यावर टाकलं आणि हात पुढे केला.

"किल्ली दे," तो म्हणाला. "आणि कुखन कुठल्या डब्यात आहे ते सांग."